आमच्या दारात म्हैस पुरली न्हवती

मी थापा मारते. वरवंडात कुणालाबी इचारा. भीमेत मगर बघितली आसं मी पहिल्यांदा सांगितलं तवा ती चार हात व्हती. पाटसच्या बाजारात जाईस्तोवर ती आठ हात झाली, आन् माझ्या लेकीच्या लग्नात तिनं येक सायकल गिळली, घंटीसकट. ऐकणारे हसले, मी हसले, मगरीचंबी काय बिघडलं न्हाई. रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलायचं चौथं शील आलं की मला नेमका खोकला यायचा. बायका म्हणायच्या, "अंजना खोकली, म्हंजी चौथं आलं."

पण येक थाप आशी हाय, की ती आठवली तरी मला आपलं तोंड लुगड्यात घालावं वाटतं. दोन हजार तीन सालची गोष्ट. म्हशीची.

माझा धम्मदीप दौंडला रेल्वेत गँगमन. त्याची बायको गौतमी. बारावी शिकलेली, बोलायला कमी, कामाला वाघ. ती कुरकुंभच्या येका औषधाच्या कंपनीत गोळ्या भरायच्या कामाला जायची. पांढरा कोट, पांढरी टोपी. तो कोट मी दारात रस्त्याच्या बाजूला वाळत घालायचे. वाळला तरी काढत न्हवते. येणारा-जाणारा इचारायचा, "काय अंजनाबाई, डागदरीण हाय का घरात?" मी न्हाई म्हणायची न्हाई.

मग तिचं कंत्राट संपलं. कंपनीनं कोट परत घेतला. गौतमी चार दिवस घरात बसली आन् पाचव्या दिवशी शिरूरला गेली. तिथं बायकांची येक संस्था व्हती, तिथं आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आली आन् मला म्हणली, "आत्या, मी आता दुसरी कंपनी बघणार न्हाई. मी घरीच खत करणार."

"कसलं खत?"

"जिवंत खत."

"मेलेलं खतबी आसतं व्हय?"

"दुकानातल्या गोणीतलं मेलेलंच की," ती म्हणली. "ह्यात जीव आसत्यात आत्या. चिमटीभर खतात दौंड टेसनावरच्या माणसांपेक्षा जास्त जीव."

मला ती थाप वाटली. आन् माझ्या घरात माझ्यापेक्षा मोठी थाप कुणी मारावी, ह्याचा जरा रागच आला.

तिनं घराच्या कडंला, रस्त्यापासून धा पावलांवर, ढीग लावायला घेतला. उसाचं पाचट आणलं. बाजार उठला की सडका भाजीपाला पोत्यात भरून आणला. तिथवर मी सोसलं. मग येक दिवस सकाळी बघते, तर गौतमी वस्तीला लागून घर आसलेल्या गावातल्या साखरबाईच्या गोठ्यातनं शेणाची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या वस्तीच्या मधनं चाललीय. मी हातातला झाडू टाकून दाराकडं धावले.

का धावले ते सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या बाईला शेणाची कसली आलीया लाज. मी लगीन होऊन ह्या घरात आले ती सत्तावन्न साली. त्याच्या आदल्या साली आमच्या लोकांनी धम्म घेतला व्हता आन् माझ्या सासऱ्यानं गावाला सांगितलं व्हतं, की तुमची मेलेली ढोरं आता आम्ही ओढणार न्हाई, तुमची घाण आमच्या डोक्यावर चढणार न्हाई. गावानं वरीसभर पीठ दळू दिलं न्हाई, विहिरीकडं फिरकू दिलं न्हाई. सासरा हटला न्हाई. मी तेरा वर्साची नवरी, मला समोर बसवून म्हणला, "पोरी, उपाशी ऱ्हा, पण गावाची पाटी डोक्यावर घेऊ नगंस." मी ते पाळलं. आन् आता माझी बारावी झालेली सून पाटी घेऊन चाललीय, तेबी साखरबाईच्या गोठ्यातनं.

मी तिला दारातच गाठलं. "खाली ठेव ती पाटी."

"घाण न्हाई आत्या ही. मी इकत घेतलीया, मोजून. गावकी न्हाई करत मी, धंदा करते."

"बघणाऱ्याला काय कळतं इकत घेतली का फुकट?"

"बघणाऱ्यानं इचारावं," ती म्हणली आन् पाटी ढिगावर ओतली.

त्या दिवसापासनं मी थापा सुरू केल्या. वस्तीत कुणी गौतमीचं काढलं की सांगायची, "कंपनीनंच तिला घरी काम दिलंय, औषधाचं हाय." लेकीच्या सासरी केंदूरला गेले, तिथं तर कहरच केला. माझे व्याही हौशीराम, शाळेतनं शिपाई म्हणून रिटायर झालेले, पण बोलणं हेडमास्तरचं. त्यांना म्हणलं, गौतमीला बढती मिळाली. आता लॅबमधी आसते. काचंखाली जंतू बघते. मॅनेजर तिला इचारल्याबिगर चहाबी पीत न्हाई.

आन् घरी? घरी मी नाकाला पदर लावून हिंडायची. पण खिडकी ढिगाकडंच उघडी, आन् डोळे काय पदरानं झाकले न्हवते. सगळं बघायची. पाचटाचा थर, पाल्याचा थर, शेणकाल्याचा शिडकावा. गूळपाणी आन् मूठभर बेसन. ओढ्याकाठच्या वडाबुडची पसाभर माती, पांढरे धागे धरलेली, ती इरजणावाणी मधी सोडली. वर गोणपाट. तीन दिवसांनी तिनं लोखंडाची सळई ढिगात खुपसली, काढली आन् हात लावला तर चटका. मग ढीग उलटा केला. पुन्हा तापला, पुन्हा उलटा केला. गार झाला तवा शिरूरहून आणलेली गांडुळं सोडली. रोज येक मूठ घेऊन पिळायची. बोटांतनं येखादा थेंब आला पायजे, धार न्हाई. येखाद्या बाळाचं अंग बघावं तशी बघायची. वास कवाच आला न्हाई. तरी मी नाकाचा पदर काढला न्हाई.

सहाव्या महिन्यात ती म्हणली, "आत्या, संस्था दौंड तालुक्यात येक बाई नेमणार हाय. धा गावांत बायकांना खत शिकवायचं. पगार हाय. मॅडम ढीग बघायला येणार हायत. पसंत पडला तर मी." आन् तिच्या तोंडावर मी कोट आसतानाबी बघितलं न्हवतं आसं काय तरी आलं. म्हणली, "पुन्हा कुणाचं कंत्राट संपायचं भ्या न्हाई. हे माझंच ऱ्हाईल."

मॅडम कवा येणार ते पक्कं न्हवतं. गौतमी मंगळवारी रिकाम्या गोण्या आणायला दौंडला गेली, आन् नेमकं त्याच दिवशी अकराच्या सुमाराला दारात हौशीराम व्याही. मी घाईनं हिरवं लुगडं नेसले. व्याही खाटंवर बसले, पाणी प्यायले आन् म्हणले, "आमच्या धाकटीची बारावी झाली. म्हणलं गौतमीनं तिच्या लॅबमधी चिकटवावं. मॅनेजर तिच्या मुठीत हाय म्हणता."

"हाय की," मी म्हणलं. दुसरं काय म्हणणार.

"मग कुठं हाय ती?"

"ड्यूटीवर."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. मी चहा आधणावर ठेवून पळतच गेले. जीपमधनं चष्म्याची येक तरणी बाई उतरली. "इथं गौतमीताई राहतात ना? खत करतात त्या? मी सायली, शिरूरच्या संस्थेतून आले."

दार उघडं. आत व्याही. आवाज आत जाईल म्हणून मी तिला जीपकडं ढकलतच नेलं आन् हळू म्हणलं, "इथं कुणी खत करत न्हाई."

"पण पत्ता हाच दिला होता. तुम्ही कोण त्यांच्या?"

आन् मी म्हणलं, "मी? मी शेजारची."

तिनं ढिगाकडं बोट केलं. "मग ते काय आहे?"

आता बघा, त्या वक्ताला मी काय बी सांगू शकले आसते. राख हाय, वाळू हाय, पेंढा हाय. पण थाप मारणाऱ्याची जीभ मोठ्याच गोष्टीकडं धावती. मला पायजे व्हतं की बाईनं तिकडं पाऊलसुदिक टाकू नये. मी म्हणलं, "म्हैस पुरलीया. रोगानं मेली. तोंडातनं फेस काढून. लई वास मारत व्हती, म्हणून वर पालापाचोळा टाकलाय."

बाईचा चेहरा उतरला. तिनं वहीत काय तरी लिहिलं, "गौतमीताई आल्या तर सांगा," म्हणली आन् गेली.

मी आत आले. व्याही म्हणले, "कोण व्हतं?"

"कंपनीची गाडी. गौतमीला न्यायला आल्ती."

"ती तर ड्यूटीवर हाय म्हणला."

"दुसऱ्या ड्यूटीला न्यायला."

व्याही खूश. रविवारी धाकटीचे कागद घेऊन येतो म्हणले. चहा उतू जाऊन चूल विझली व्हती.

सांजच्याला गौतमी गोण्या घेऊन आली. "कुणी आल्तं का आत्या?"

"तुझ्या नणंदंचा सासरा. दुसरं कोण येतंय?"

बुधवार गेला. गुरवारी तिच्यानं ऱ्हाववंना, ती शिरूरला गेली. परत आली ती पांढरी पडून. उंबऱ्यावरच बसली.

"मॅडम म्हणल्या, तुमच्या ढिगाखाली रोगानं मेलेली म्हैस हाय. आसल्या जागेचं खत आम्ही बायकांच्या हातात देऊ शकत न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणली, "आत्या, आपण म्हैस कवा पाळली?"

मी कांदा चिरत व्हते. चिरतच ऱ्हायले.

"सोमवारी यादी पुण्याला जाणार. दुसऱ्या बाईचं नाव घातलंय. मी म्हणलं, मॅडम, खोटं हाय हे, कुणी सांगितलं? तर म्हणल्या, शेजारच्या बाईनं, हिरव्या लुगड्यातल्या." ती उठली. "आपल्या शेजारी बारा म्हयने हिरवं कोण नेसतं?"

साखरबाई नेसती. मला कळलं व्हतं ती कुठं चाललीया. येक शब्द बोलले आसते तर ती थांबली आसती. मी बोलले न्हाई.

भांडण मी खिडकीतनंच ऐकलं. गौतमी, जी कवा वर आवाज करत न्हाई, ती साखरबाईच्या अंगणात उभी ऱ्हाऊन म्हणत व्हती, "आमच्या हातचं खत दहा गावांत जाणार, हे बघवलं न्हाई ना तुम्हाला? मेलेलं ढोरच आठवलं ना आमच्या दारात?"

साखरबाई आधी काय कळंना म्हणून हसली, मग तिलाबी चढलं. "आगं, वासराला दूध राखावं तसं मी तुला शेण राखून ठेवते आन् तू माझ्यावरच शिंगं रोखतीस? जा, उद्यापासनं येक गवरी मिळायची न्हाई."

गौतमी घरात येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. आन् तिचं ते वाक्य माझ्या डोक्यात घुमायला लागलं. मेलेलं ढोर आमच्या दारात. सासऱ्यानं वरीसभर उपाशी ऱ्हाऊन जे दारातनं घालवलं, ते मी येका चहाच्या आधणाएवढ्या वक्तात तोंडानं आणून पुरलं. कुणी जबरी केली न्हवती. गावानं सांगितलं न्हवतं. माझं मीच. शेणाची लाज वाटली म्हणून.

शुक्रवारी जेवण गेलं न्हाई. शनवारी सकाळी गौतमी धुणं घेऊन गेली, तशी मी ढिगापाशी गेले. पहिल्यांदाच. पिशवीत पाच-सहा किलो खत भरलं. हातानं न्हाई, पत्र्याच्या डब्यानं. आजून माझी खोड गेली न्हवती. चौफुल्याला येऊन शिरूरची यष्टी धरली. न्हावऱ्यापतुर उभीच. कंडक्टर म्हणला, "आजी, पिशवीत काय हाय? जड दिसतीया."

माझ्या जिभंवर आपसूक आलं, की बुंदीचे लाडू, नातीच्या बारशाचे. आन् मग म्हणलं, "खत हाय."

"खत घेऊन कुठं निघाला?"

"खोटं बोलले व्हते, ते निस्तरायला."

तो हसला. त्याला वाटलं म्हातारी मजा करतीया.

सायली मॅडमनं मला वळखलं. "तुम्ही त्या शेजारच्या."

"मी शेजारची न्हाई. मी सासू हाय गौतमीची. म्हैस न्हाई तिथं. आम्ही म्हैस कवाच पाळली न्हाई. ते मी सांगितलं."

तिनं वहीत मंगळवारचं पान काढून बघितलं. मग वही बाजूला सरकवून म्हणली, "आजी, मंगळवारी तुम्ही शेजारी होतात, आज सासू आहात. आज खरं बोलताय, हे मी कशावरून मानू? सुनेचं काम व्हावं म्हणून आज बोलत नसाल कशावरून?"

हे मला कुणी आयुष्यात इचारलं न्हवतं. थापांवर लोक हसायचे, पुरावा मागायचे न्हाईत. मी शपथ घ्यायला गेले, तर वाटलं, माझी शपथ कुणाच्या कामाची. मग पिशवी टेबलावर ठेवली आन् म्हणलं, "ह्यात काय काय हाय, ते इचारा."

तिनं इचारलं. मी सांगितलं. पाचट किती, पाला किती. सळई कितव्या दिवशी तापली, ढीग कितीदा उलटा केला. वडाबुडची माती का, घराकडची का न्हाई. गांडुळं गार झाल्यावरच का सोडायची, तापलेल्यात सोडली तर काय व्हतं. बोलता बोलता मी पिशवीत हात घातला, मूठ भरून पिळली, येक थेंब मनगटावर आला. गार, मऊ, आन् वास वडाखालच्या सावलीचा. येक गांडूळ माझ्या बोटाला वेढा घालून बसलं.

"तुम्हीही करता वाटतं हे?" मॅडम म्हणली.

"न्हाई. नाकाला पदर लावून खिडकीतनं बघायची. सा म्हयने."

"का?"

तिला सगळं सांगितलं. कोट, पाटी, सासरा, व्याही. तिनं मधी येकदाबी माझी कीव केली न्हाई, ते बरं झालं. शेवटी म्हणली, "उद्या मी दौंडला चाललेय, वाटेत थांबते. पण वहीत मेलेलं जनावर लिहिलंय. ढीग तळापर्यंत, जमीन दिसेपर्यंत उकरून दाखवावा लागेल. ज्यांना ज्यांना खोटं सांगितलंत ते सगळे समोर पाहिजेत. नाहीतर त्यांच्यापैकी कुणी उद्या उठून तेच बोलेल."

घरी आले तवा गौतमी दारात उभी. मी चप्पल काढायच्या आधी सांगितलं. उंबऱ्याच्या आत जाऊन सांगायची मला हिंमत न्हवती.

ती वरडली न्हाई. वरडली आसती तर बरं झालं आसतं. म्हणली, "मी साखरबाईला काय काय बोलले, आत्या. तुम्ही खिडकीत व्हता."

"व्हय."

"ऐकत व्हता."

"व्हय."

मग म्हणली, "उद्या मी फावड्याला हात लावणार न्हाई. तुम्ही उकरायचं."

रविवारी विहारातनं लोक परत येत व्हते, तेबी थांबले. साखरबाईला बोलवायला मीच गेले. ती आली, पण लांब उभी, हिरव्या लुगड्याचा पदर कमरंला खोचून. हौशीराम व्याही धाकटीच्या कागदांची पिशवी घेऊन आले. जीप आली. मी सगळ्यांच्या मधी उभी ऱ्हाऊन बोलले, लॅब न्हाई, मॅनेजर न्हाई, म्हैस न्हाई. तर वस्तीतल्या दोघी हसायला लागल्या. "अंजनाबाईची नवी काढलीया," म्हणल्या. खरंबी माझ्या तोंडात थापच वाटायला लागलं. मी फावडं उचललं.

साठीला टेकलेलं वय. सहा म्हयन्यांचा ढीग. पहिला थर काढला, दुसरा काढला. पाठीला रग लागली. मॅडम वाकून बघत व्हती. गौतमी हाताची घडी घालून. साखरबाई लांबनं म्हणली, "अगं, शिंगं तरी लागली का गं?" लोक हसले. मी उकरत ऱ्हायले. हौशीराम व्याही हळूच जवळ आले आन् म्हणले, "म्हंजी मग ती काचंखालचे जंतू..."

"ते हेच, आप्पा," गौतमी म्हणली. तिनं त्यांच्या हातावर चिमूटभर खत ठेवलं. "बघा, दिसतात का." व्याह्यांनी चष्मा वर केला. त्यांना काय दिसलं ते म्हायत न्हाई, पण त्यांनी ते खाली टाकलं न्हाई, मुठीतच धरून उभे ऱ्हायले.

तळाला पांढरट जमीन लागली. हाड न्हाई, केस न्हाई. मॅडमनं स्वता फावडं घेऊन दोन ठिकाणी जमीन खणली. मग वही काढली, मंगळवारची ओळ खोडली, मला दाखवली आन् गौतमीला म्हणली, "दुसऱ्या बाईंचं नाव मी काढणार नाही, त्यांची चूक नाही. पाच गावं त्यांना, पाच तुम्हाला. चालेल?"

गौतमीनं माझ्याकडं बघितलं. तिची पाच गावं कुणी खाल्ली ते तिला आन् मला दोघींनाच ठावं. "चालंल," ती म्हणली.

लोक पांगले. गौतमी साखरबाईच्या पाया पडायला वाकली, तर साखरबाईनं तिला मधीच धरलं आन् माझ्याकडं बघून म्हणली, "तू कशाला वाकतीस? वाकायचं तिनं." मी वाकले. तिनं मला धरलं न्हाई. पुरतं वाकू दिलं.

मग आम्ही दोघींनी ढीग पुन्हा लावला. शेवटी गोणपाट टाकताना गौतमी म्हणली, "उद्यापासनं शेण तुम्ही आणायचं साखरबाईकडनं. मला गावं फिरायची हायत. पाटी डोक्यावर नगं, धम्मदीपला आज सांजच्यालाच ढकलगाडी आणायला सांगितलीया."

सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन निघाले. आठ वाजता, वस्तीच्या मधनं, सगळी दारात बसलेली आसताना. कुणी म्हणलं, "डागदरीणबाई निघाल्या." मी मान वर केली न्हाई. कुणी इचारलं तर सांगते, की वाट खड्ड्याची, गाडी कलंडू नये म्हणून खाली बघत व्हते. खरं तसं न्हाई.